नवे पडदे, प्रवेश विनामूल्य

साहेबांचा अपमान झाला तो सकाळचा पहिला चहा पोटात जायच्या आत, आणि तोही त्यांच्या स्वतःच्या फोनवर.

झालं असं, की त्यांनी सहज म्हणून 'पडदे शिवून मिळतील' असं सर्चमध्ये टाइप केलं. सहज म्हणजे रोज करत तितक्याच सहज. काही माणसं उठल्या उठल्या आरशात बघतात, साहेब सर्चमध्ये बघत. तर सगळ्यात वर चौकातलं मोठं दुकान मांडी ठोकून बसलेलं. बाजूला झुळझुळीत पडद्याचा फोटो, नावाखाली पिवळे तारे, उघडायची वेळ, बंद व्हायची वेळ, आणि हिरव्या अक्षरांत 'आता उघडे आहे'. त्याखाली आणखी कोणकोण. आणि बरंच खाली, अंगठा दुखेपर्यंत सरकवल्यावर, काकूंची वेबसाइट. ती साहेबांनी दुपारची झोप मोडून स्वतः बनवली होती. तिच्याबद्दल तिथे एवढंच येत होतं: 'मुख्य पान. सुस्वागतम. मुख्य पान. संपर्क. मुख्य पान.'

"अगं, हे बघ. आपली काय अवस्था करून ठेवली आहे यांनी!"

काकू जेवणाच्या टेबलावर कापड बेतत होत्या आणि त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या असल्या की काकू फक्त 'हं' म्हणत. पण त्या एका 'हं'मध्ये होकार, नकार, कंटाळा, 'पाय उचला, कापडावर पाय पडलाय' आणि 'दूध उतू जातंय' हे सगळं बसत असे, आणि कुठला 'हं' कुठला हे इतक्या वर्षांच्या संसारात साहेबांना नेमकं कळत असे. हा पायाचा होता. साहेबांनी पाय उचलला.

त्यांना साहेब म्हणायचं कारण ते विमा कंपनीच्या दप्तर विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. जिन्यात अजूनही सगळे त्यांना साहेबच म्हणत, थोडं आदराने आणि थोडं गमतीने. पण हल्ली काकूंच्या शिवणकामाचा बोलबाला झाल्यापासून नवी माणसं त्यांची ओळख 'पडदेवाल्या काकूंचे मिस्टर' अशी करून देत. त्या 'मिस्टर'ने साहेबांच्या काळजात घर केलं होतं. ज्या माणसाच्या सहीशिवाय एक कागद कपाटातून हलत नसे, तो आता दार उघडून 'या, ती आत आहे' म्हणायला उरला होता. वेबसाइट हा त्यावरचा उतारा होता. आणि तो उतारा असा सर्चच्या तळाशी गाळासारखा बसला होता.

त्यांनी जावयाला फोन लावला. जावई कॉम्प्युटरमधला होता. लेकीशी बोलायचं तर काकू बोलत. जावयाशी साहेब बोलत, कारण जावई त्यांचं ऐकून घेई. घरात हा गुण दुर्मिळ होता.

"बाबा, त्यात अवघड काही नाही," जावई म्हणाला. "तुमचं पान माणसाला वाचता येतं, पण यंत्राला त्यातलं काय म्हणजे काय ते कळत नाही. समजा, कोणी पाहुणा आपल्या स्वयंपाकघरात शिरला. डबे दिसतात त्याला, पण साखर कुठली न् मीठ कुठलं ते कसं कळणार? तर आपण प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावायची. हे दुकानाचं नाव, हा पत्ता, ही उघडायची वेळ, हा फोटो. या चिठ्ठ्या पानाच्या पोटात असतात. वाचणाऱ्याला दिसत नाहीत, यंत्राला दिसतात. मग ते सर्चमध्ये तुमची ओळ छान सजवून दाखवतं. याला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात."

साहेब खुर्चीत ताठ बसले. चिठ्ठ्या! ज्या माणसाने उभं आयुष्य फायलींवर चिठ्ठ्या लावण्यात घालवलं, त्याला हा मुलगा चिठ्ठ्या समजावून सांगत होता. "म्हणजे वर्गीकरण," ते म्हणाले.

"हो, तसंच."

"मग ते तुम्ही माझ्यावर सोडा, जावईबापू."

"मी पाठवू का करून? दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांचं काम म्हटल्यावर साहेबांना ते दुसऱ्याला देणं शक्यच नव्हतं. शिवाय जी वस्तू दहा मिनिटांत होते तिच्याबद्दल दप्तर विभागात कधीच कोणाला आदर वाटला नव्हता.

पहिला प्रश्न ताऱ्यांचा. चौकातल्या दुकानाला तारे होते, म्हणजे आपल्यालाही हवेत. तारे गिऱ्हाइकांनी द्यायचे असतात एवढं साहेबांना माहीत होतं, आणि ते प्रामाणिक गृहस्थ असल्यामुळे मनचे तारे लावणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ते वही घेऊन जिन्यात उतरले.

समोरचे प्राध्यापक दारातच भेटले. त्यांच्याकडे काकूंनी शिवलेले पडदे तिन्ही खोल्यांना होते. "उत्तम आहेत," ते म्हणाले. "साडेतीन लिहा."

"पाचपैकी साडेतीन? उत्तम म्हणालात ना?"

"उत्तमच म्हणालो. मी आजवर साडेतीनच्या वर कोणाला गेलेलो नाही. विद्यार्थ्यांना विचारा."

खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी पाच तारे द्यायचं कबूल केलं, पण सोबत असं लिहायला सांगितलं की हे मत आजच्या तारखेपुरतं आहे, उद्या पडदा आटला किंवा त्याचा रंग गेला तर या ताऱ्यांवरून आपल्यावर कोणताही दावा सांगता येणार नाही. वरच्या दातांच्या डॉक्टरांनी तारे देण्याआधी साहेबांना तोंड उघडायला लावलं आणि एका दाढेबद्दल चिंता व्यक्त केली. शेवटी साहेब घरी येऊन काकूंना म्हणाले, "तुझं तूच सांग, तुझ्या कामाला किती?"

काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढून विचार केला. साहेबांना बरं वाटलं, कारण काकू कुठल्याही गोष्टीचा विचार करायच्या तर टाचण्या काढून.

"चार," त्या म्हणाल्या. "त्या बँकवाल्या बाईंच्या दिवाणखान्यातला डावीकडचा पडदा मला अजून खटकतो. एक चुणी जास्त पडलीय."

"अगं, पण त्यांना कुठे माहितीय?"

"मला माहितीय ना."

एवढी वणवण करून जमवलेले तारे साहेबांनी सरासरी काढून, नीट चिठ्ठी लावून पानाच्या पोटात घातले आणि जावयाला मोठ्या थाटात फोन केला. जावयाने सगळं ऐकून घेतलं. मग जावई फार आदराने म्हणाला, "बाबा, आपल्याच पानावर आपल्याच दुकानाला तारे लावले ना, तर सर्चवाले ते दाखवत नाहीत. नियम आहे त्यांचा."

"नियम आहे? मग ठीक आहे," साहेब म्हणाले. नियमापुढे ते नेहमीच नमत आले होते. फक्त वकीलबाईंना कसं सांगायचं हा प्रश्न राहिला, कारण त्या आपल्या मजकुराची प्रत मागून बसल्या होत्या. "मग दाखवतात तरी काय ते?"

"पुष्कळ काही. कार्यक्रम दाखवतात, तारीख, वेळ, स्थळ असं. पण तुमचा काही कार्यक्रम नाही ना."

जावयाचं हे वाक्य अगदी निरुपद्रवी होतं. पण साहेबांच्या डोक्यात ते पडलं आणि तिथेच रुजलं. कार्यक्रम नाही? करू की. शनिवारी संध्याकाळी काकूंच्या नव्या पडद्यांचे नमुने बाहेरच्या खोलीत मांडायचे. चार माणसं येतील, बघतील, जातील. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हं." हा होकाराचा होता की 'आत्ता बोलू नका'चा, याबद्दल पुढे बराच वाद झाला, पण त्या वेळी साहेबांनी तो होकाराचा धरला.

आता चिठ्ठी कुठली लावायची? तयार मसुद्यांचं एक पान त्यांना सापडलं होतं. त्यात कार्यक्रमाचे प्रकार दिले होते: व्याख्यान, शर्यत, प्रदर्शन, रंगमंच आणि कायकाय. साहेब आधी 'प्रदर्शन'मध्ये शिरले. तिथे नमुन्यात सगळी चित्रं आणि पुतळे. पडद्यांचा कुठे नामोल्लेख नाही. मग 'रंगमंच' उघडलं, तर पहिलीच ओळ: 'पडदा उघडण्याची वेळ'. साहेबांचा चेहरा उजळला. दप्तर विभागाचा साधा दंडक होता, ज्या फायलीत ज्या गोष्टीचा उल्लेख, तिथेच ती गोष्ट लावायची. याच दंडकापायी विभागात एकदा 'आग' या सदराखाली 'आगगाडी'ची कागदपत्रं गेली होती आणि ती आजतागायत मिळाली नव्हती, पण दंडक तो दंडक.

त्यांनी रकाने भरायला घेतले. कार्यक्रमाचं नाव: 'नवे पडदे'. स्थळ: राहतं घर, दुसरा मजला. प्रवेश: विनामूल्य. पुढे 'सादरकर्ते' असा रकाना होता. काम सगळं काकूंचं, तेव्हा तिथे त्यांचं नाव. त्याच्या खाली 'दिग्दर्शक'. इथे साहेब थांबले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. टेबल कुठे ठेवायचं, खुर्च्या कुठे मांडायच्या, लोकांना कुठून आत घ्यायचं हे शनिवारी कोण ठरवणार होतं? त्यांनी आपलं नाव लिहिलं, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या नावासमोर एक पद आलं. ते पद त्यांनी दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं.

वर्णनाच्या ओळीसाठी प्राध्यापकांना बोलावलं. प्राध्यापकांनी डोळे मिटले आणि एकदम उघडले. "लिहा: 'काहीही आडपडदा न ठेवता!' पडद्यांच्या कार्यक्रमाला याहून चांगली कोटी होणे नाही." स्वतःच्या कोटीवर ते इतके खूश झाले, की साहेबांना वाटलं आता साडेतीनाचे चार करतील. पण नाही केले. तेवढ्यात वकीलबाई आपल्या मजकुराची प्रत मागायला आल्या, आणि त्यांनी इशारा दिला की पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्यांत लहान मुलं अडकतात, उद्या काही झालं तर जबाबदार कोण, तेव्हा लहान मुलांना आणू नये असं स्पष्ट लिहावं. रकान्यात जागा थोडी होती. साहेबांनी थोडक्यात लिहिलं: 'फक्त प्रौढांसाठी'.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चमत्कार झाला. सर्चमध्ये काकूंची ओळ चौकातल्या दुकानाच्या डोक्यावर जाऊन बसली. एका बाजूला शनिवारची तारीख ठळक अक्षरांत, तिच्याशेजारी: 'नवे पडदे. काहीही आडपडदा न ठेवता. फक्त प्रौढांसाठी. प्रवेश विनामूल्य.' साहेबांनी तो फोन दिवसभर हातातून खाली ठेवला नाही. दूधवाल्यालाही दाखवला.

आणि फोन वाजायला लागले.

"शनिवारी जागा आहेत ना?" एका भारदस्त आवाजाने विचारलं.

"आहेत की! या ना."

"पुढची रांग मिळेल?"

साहेबांना कौतुक वाटलं. कापडाचा पोत जवळून बघायचा असेल. "खिडकीजवळ बसवतो तुम्हाला. उजेड चांगला असतो."

"बंदिस्त नाही, तर? खिडकीचा वापर करताय? वा!" आवाज हरखला. "आणि मध्यंतर?"

"मध्यंतर नाही, पण चहा आहे."

एका बाईंनी विचारलं, "फारच धीट आहे का हो? सासूबाईंना आणायचा विचार आहे." साहेब म्हणाले, काही रंग जरा भडक आहेत, पण सासूबाईंना चालतील. शुक्रवारपर्यंत त्यांची खात्री पटली, की या गावात पडद्यांचे दर्दी एवढ्या संख्येने राहतात आणि आजवर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

शनिवारी दुपारी जावयाचा फोन आला. "बाबा," तो जपून म्हणाला, "तुम्ही नाटक कधीपासून करायला लागलात?"

"नाटक? कसलं नाटक?"

"माझ्या ऑफिसातले दोघं आज संध्याकाळी तुमचं नाटक बघायला येतायत. प्रौढांसाठीचं प्रायोगिक नाटक आहे म्हणे, आई काम करतायत आणि तुम्ही बसवलंय. बाबा, तुम्ही चिठ्ठी रंगमंचाची लावलीय."

साहेबांनी सगळा मजकूर मनात पुन्हा वाचला, आणि या खेपेला तो त्यांना यंत्रासारखा वाचता आला. 'आडपडदा न ठेवता'शी येऊन त्यांनी डोळे मिटले.

"काढून टाकतो," ते क्षीण आवाजात म्हणाले. "आत्ता काढतो."

"काढा, पण सर्चमधून ते लगेच जाणार नाही. ते यंत्र तुमचं पान वाचायला पुन्हा येईल तेव्हा जाईल."

"कधी येईल?"

"सांगता येत नाही. काही दिवसांनी येईल."

"तिथे कोणाला भेटता येतं का? कोणी अधिकारी, निदान कारकून?"

"तिथे कोणी बसत नाही, बाबा."

'पुढच्या आठवड्यात येऊन जा' हे वाक्य साहेबांनी नोकरीत असंख्य माणसांना सांगितलं होतं. ते ऐकणाऱ्याच्या बाजूला उभं राहिल्यावर कसं लागतं, याचा त्यांना अंदाज नव्हता.

काकूंना सांगायची हिंमत त्यांना झाली नाही. काकूंना त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचे पडदे संपवायचे होते आणि त्या सकाळपासून मशीनवर होत्या. साहेबांनी एका मोठ्या कागदावर 'नाटक नाही' असं लिहून तो खाली दारावर चिकटवला आणि देवाचं नाव घेतलं.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. पहिल्यांदा आले ते एक दाढीवाले गृहस्थ, खांद्याला झोळी, ते भारदस्त आवाजाचे. "'नाटक नाही'!" ते दारातूनच म्हणाले. "वर नाव 'नवे पडदे', खाली दारावर 'नाटक नाही'. फार सूचक आहे हो!" त्यांच्यामागून सासू-सून आल्या. जावयाच्या ऑफिसातले दोघं आले, एक निवृत्त जोडपं आलं, डोळ्यांवर केस आलेल्या तीन मुली आल्या, आणि गर्दी बघून प्राध्यापक आणि वकीलबाईही आल्या. खुर्च्या संपल्या, तशी माणसं दिवाणावर, स्टुलावर आणि शेवटी शिवायच्या कापडाच्या गठ्ठ्यांवर बसली.

सगळ्यांत शेवटी बगलेत फाइल धरलेले एक किडकिडीत गृहस्थ आले. ते परवाना खात्याचे अधिकारी होते.

"प्रयोगाचा परवाना?" त्यांनी विचारलं.

"अहो, हा प्रयोगच नाही," साहेब कुजबुजले. "हे पडदे आहेत."

"पडद्याशिवाय प्रयोग कसा होईल? संहिता मंजूर करून घेतलीत?"

"संहिताच नाही."

"संहिता नाही," अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. "आणि प्रौढांसाठी." हेही लिहून घेतलं. मग ते भिंतीला टेकून उभे राहिले. "होऊ द्या. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मला शेरा मारता येत नाही."

या सगळ्या गडबडीत काकू खोलीच्या मधोमध मशीनवर बसल्या होत्या. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, मांडीवर पांढऱ्याशुभ्र कापडाचा ढीग. शिवताना काकूंना घर पडलं तरी कळत नसे. मशीन धडधडत होतं आणि माणसं श्वास रोखून बघत होती. एकदा दोरा तुटला. काकूंनी तो ओठांनी ओला केला, सुई उजेडाकडे धरली, ओवली. निवृत्त जोडप्यातल्या बाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला.

शेवटी काकूंनी कापड उचललं, मान वर केली आणि खोलीभर माणसं पाहिली. मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं.

"हं?"

हा 'हं' साहेबांनी आजवर ऐकला नव्हता.

"अगं," ते म्हणाले, "जरा गैरसमज झालाय. हे लोक नाटक बघायला आलेत."

काकूंनी तोंडातली एक-एक टाचणी काढून उशीत टोचली. शेवटची टोचून झाल्यावर त्या बोलल्या.

"कोणाचं नाटक?"

"आपलं. म्हणजे तुझं. मी नुसता दिग्दर्शक आहे."

"कोणाचे दिग्दर्शक?"

"सर्चमध्ये आपण तळाला होतो गं. कोणी विचारत नव्हतं आपल्याला. म्हणून मी चिठ्ठ्या लावल्या..."

"कोणी विचारत नव्हतं?" काकूंनी कापडाच्या गठ्ठ्यांकडे हात केला, ज्यांच्यावर या क्षणी सहा-सात रसिक बसले होते. "हे काय आहे मग? दिवाळं निघाल्यासारखे फिरताय ते! मला दोन हात आहेत. आलेलं काम पुरं होत नाहीये, त्यात आणखी गिऱ्हाइकं कशाला हवीत मला?"

"मग वेबसाइटला हो का म्हणालीस?"

काकूंनी मांडीवरचा दोऱ्याचा तुकडा उचलला, बोटावर गुंडाळला, सोडला.

"तुम्ही दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसायचात," त्या हळू म्हणाल्या. "बेल वाजली की उठायचात, आणि 'ती आत आहे' म्हणून परत बसायचात. मला मशीनवरून दिसायचं. म्हटलं, काहीतरी असू दे यांना हातात."

साहेब काकूंच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसले, तिथे बसलेल्या मुलीने पटकन जागा करून दिली म्हणून. जमिनीवर घरंगळलेली दोऱ्याची रिळं त्यांनी उचलली आणि कारण नसताना रंगाप्रमाणे लावू लागले. काकू बघत राहिल्या. "पांढरं इकडे द्या," त्या म्हणाल्या. साहेबांनी दिलं.

खोलीत कोणी हललं नाही.

"संपलं का?" सासूबाईंनी सुनेला विचारलं.

"कळत नाही हो आई. अशी नाटकं असतात."

तेव्हा काकूंना हसू फुटलं. त्या उठल्या, पदर खोचला, म्हणाल्या, "संपलं. चहा घेऊन जा सगळे." आणि आत गेल्या. परवाना अधिकाऱ्यांनी नाक शिंकरलं आणि फाइल उघडली. साहेबांनी भीत भीत त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. शेरा असा होता: 'सदर जागी नाटक आढळून आले नाही. पती-पत्नीमधील संवाद आढळला. त्यास परवाना लागत नाही.' खाली सही, तारीख, आणि चहा घेऊन झाल्यावर शिक्का. साहेबांना त्या शेऱ्याची भाषा फार आवडली.

सगळे गेले. प्राध्यापक जाताना 'पहिला अंक लांबला' असं म्हणाले. वकीलबाईंनी काही म्हटलं नाही, पण काकूंना जवळ घेतलं, आणि त्याबद्दल काहीही लिहून मागितलं नाही. दाढीवाले तेवढे मागे राहिले. त्यांच्या हातात खुर्चीवरून उचललेल्या एका पडद्याचं टोक होतं आणि ते त्याच्या चुण्या मोजल्यासारखे चाचपत होते.

"बाई," ते म्हणाले, "खरं सांगू? तुमच्या यजमानांचं दिग्दर्शन कच्चं आहे. पण ही चुणी कशी घातलीत? आमच्या नाट्यगृहाचा पडदा विरलाय. मधोमध फाटलाय. सगळे म्हणतात तयार आणा. तयार पडदा पडतो, पण झुळझुळत नाही. तुम्ही शिवाल?"

साहेब घाईने म्हणाले, "नाही, नाही, तिच्याकडे फार काम आहे."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "किती उंच?" त्यांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत जे आलं होतं ते साहेबांनी लग्नानंतर पहिल्या शिलाई मशीनच्या वेळीच काय ते पाहिलं होतं. इतका मोठा पडदा काकूंनी उभ्या जन्मात शिवला नव्हता.

तो पडदा घरात मावला नाही. गडद लाल मखमल दिवाणखान्यातून निघाली, पॅसेजमधून दाराबाहेर गेली, जिना ओलांडून प्राध्यापकांच्या घरात शिरली आणि त्यांच्या पुस्तकांच्या कपाटाला वळसा घालून परत आली. आठवडाभर प्राध्यापक मखमलीवरून उड्या मारत कॉलेजला जात होते. साहेबांचं काम कापडाचं दुसरं टोक धरून मशीनच्या वेगाने पुढे सरकत राहायचं. थोडं भरभर सरकले तर काकू म्हणत, "हं." थोडं हळू सरकले तरी "हं." दुपारची झोप गेली ती गेलीच, पण दाराशी खुर्ची टाकून बसायला साहेबांना वेळच उरला नाही. बेल वाजली की ते मखमलीच्या पलीकडून ओरडत, "आम्ही कामात आहोत, नंतर या!" आणि हे वाक्य म्हणताना त्यांना जो आनंद होई तो कोणत्याही ताऱ्यांत नव्हता.

मधल्या वेळात जावयाने वेबसाइटच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून नव्या लावल्या. काकूंनी फोनवर सांगितलं तेवढ्याच: काम काय, वेळ काय, दुपारी दोन तास बंद, फोन नंबर. सर्चमधली ओळ आता मधेच कुठेतरी येते. फोटोत काकूंचं मशीन दिसतं आणि एका कडेला, नीट बघितलं तर, मखमल धरलेला एक हात.

नव्या पडद्याच्या पहिल्या प्रयोगाला दोघांना पुढच्या रांगेत बसवलं. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि त्या सारख्या पडद्याच्या खालच्या किनारीकडे बघत होत्या. "उजवीकडे जरा उचलल्यासारखं वाटतंय का हो?" "नाही." "बघा नीट." "नाही गं." घंटा झाली. दिवे मंदावले. मागे कोणीतरी खोकलं.

मग पडदा उघडला. अडखळला नाही, कुरकुरला नाही. लाल मखमल दोन्ही बाजूंना पाण्यासारखी सरकत गेली आणि चुण्यांवरून उजेडाची एक लाट खालपासून वरपर्यंत चढली. मागे रिकाम्या रंगमंचावर एक नट खुर्चीत बसलेला होता. त्याने अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

साहेब उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. एकटेच. अख्खं नाट्यगृह वळून बघायला लागलं. रंगमंचावरचा नट गोंधळला, आणि काहीच केलेलं नसताना त्याने अर्धवट उठून वाकून नमस्कार केला.

काकूंनी त्यांची बाही धरून खाली ओढली. "अहो, बसा! नाटक अजून सुरू नाही झालं."

"त्यांचं नसेल झालं," साहेब म्हणाले, आणि टाळ्या वाजवत राहिले.